पंचांना जाब विचारा

ठोसे खातो बॉक्सर. चुकतो पंच. शिक्षा कुणाला होते?

2014 चं इंचिऑन आठवा. आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मणिपूरच्या सरिता देवीनं कोरियाच्या पार्क जी-नावर ठोशांचा वर्षाव केला. पंचांनी हात वर केला पार्कचा! सरिताला रडू आवरेना. तिनं कांस्यपदक गळ्यात घालू दिलं नाही. ते नेऊन पार्कच्याच गळ्यात घातलं.

बंदी आली. सरितावर. एक वर्षाची.

पार्क यजमान देशाची मुलगी होती, म्हणून झालं असेल म्हणता? मग लास वेगासला चला. जून 2012, मॅनी पॅकियाओ विरुद्ध टिमथी ब्रॅडली. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबात पॅकियाओचे 253 लागले, ब्रॅडलीचे 159. तिघांपैकी दोन पंचांनी 115-113 असा ब्रॅडलीला विजय बहाल केला. ओरड झाली तेव्हा डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेनं पाच पंचांना चित्रफीत दाखवली. पाचही जण म्हणाले, पॅकियाओ जिंकला.

पट्टा मात्र ब्रॅडलीकडेच राहिला.

त्या दोन पंचांपैकी एक होत्या सी. जे. रॉस. सव्वा वर्षानं, मेवेदर विरुद्ध कॅनेलो अल्वारेझ या त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या लढतीला पुन्हा त्याच खुर्चीत! मेवेदरनं कॅनेलोला जवळ फिरकू दिलं नाही आणि यांचं गुणपत्रक 114-114. त्यानंतर त्या बाजूला झाल्या. पण 2012 नंतर त्यांना इतक्या मोठ्या लढतीला बसवणाऱ्यांचं काय?

2017 मध्ये पुन्हा तेच शहर. कॅनेलो विरुद्ध गोलोवकिन. एक पंच म्हणतो 115-113 गोलोवकिन, दुसरा म्हणतो बरोबरी, तिसऱ्या पंच अॅडलेड बर्ड यांचा आकडा 118-110 कॅनेलो. म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या! रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसल्यावर एखाददुसरी फेरी इकडेतिकडे होणार, मान्य. पण दहा?

कुणी पैसे खाल्ले, असं म्हणायला पुरावा लागतो. तो नाही. पण जाब विचारायला पुरावा कशाला हवा? प्रत्येक फेरी कुणाला दिली आणि का दिली, हे पंचांनी लढतीनंतर सगळ्यांसमोर सांगावं. न्यायाधीशसुद्धा निकालाची कारणं लिहून देतो!

कारण चूक कबूल करायची वेळ शेवटी खेळाडूवरच येते. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत रॉय जोन्सचे 86 ठोसे लागले, पार्क सी-हुनचे 32. पंचांनी 3-2 नं पार्कला सुवर्ण दिलं. आणि त्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट बॉक्सर कोण ठरला? जोन्स! 2023 मध्ये पार्क स्वतः अमेरिकेत गेला आणि ते पदक त्यानं जोन्सच्या हाती दिलं.

ऑलिंपिकच्या नोंदीत मात्र जोन्सच्या नावापुढे अजून रौप्यच आहे.