ऑईलचा दिवा ‘बरा’ करणाऱ्यास खुले पत्र

प्रति,
जुन्या गाड्यांचे दलाल आणि हौशी वायरमन,
नंदुरबार.

विषय : पद्मिनीचा ऑईलचा दिवा कायमचा ‘बरा’ केल्याबद्दल जाहीर आभार.

भाऊ,

“गाडी एकदम कडक शे!” म्हणत आपण जी प्रीमियर पद्मिनी माझ्या गळ्यात मारलीत, तिचं इंजिन सध्या शहाद्याच्या गॅरेजात उघडं पडलं आहे. त्यानिमित्ताने आपली कारागिरी पाहण्याचा योग आला.

कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनत होती. 1974 पासून ती पद्मिनी झाली. इतक्या वर्षांत तिथल्या इंजिनिअरांना सुचलं नाही, ते आपल्याला सुचलं. ऑईलचा दिवा इंजिनाच्या ऑईल-स्विचलाच जोडायचा, असा त्या बिचाऱ्यांचा समज होता. आपण तो डायनमोच्या दिव्याच्या वायरीला जोडलात. किल्ली फिरवली की दोन्ही लाल दिवे लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, गिऱ्हाईक खूश. नुसता बल्ब काढून टाकणारे दलाल आपल्यापुढे अगदीच शिकाऊ म्हणायचे. घात फक्त फॅन बेल्टने केला. प्रकाशा गावच्या पुलावर तो घसरला आणि दोन्ही दिवे एकदम पेटले. मिस्त्री म्हणाला, “चार्जिंग गेलं हे समजलं, पण ऑईलला काय झालं?”

भाऊ, तेलाचा दाब कमी असणं हा गुन्हा नव्हे. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना त्याला अडथळा होतो आणि त्यातून दाब तयार होतो. बेअरिंग झिजली, फट वाढली की दाब पडतो. जुन्या इंजिनांसाठी मिस्त्रींचा साधा ठोकताळा आहे : तापलेल्या इंजिनात हजार फेऱ्यांमागे दहा पौंड. आयडलिंगला तर दाब सगळ्यात कमी. मे महिन्यात तोरणमाळचा घाट चढून गाडी उभी केली, दिवा जरा लुकलुकला आणि रेस देताच विझला, तर जाणता मिस्त्री लगेच पाना उचलत नाही.

शिवाय हा दिवा मुळातच भिडस्त. दाब चार-सात पौंडांच्या खाली गेल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. भर वेगात तीस पौंड हवेत तिथे दहाच असले, तरी तो गप्प बसतो. एवढ्या मवाळ साक्षीदाराचंही तोंड आपल्याला बंद करावंसं वाटलं!

त्यावर चेंबरमध्ये 90 नंबरचं गिअर ऑईल. जाड तेल ढिल्या बेअरिंगमधूनही हळू सरकतं, आवाज दबतो, दाब फुगतो. पण गार इंजिन सुरू करताना तेच तेल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तोवर बेअरिंग कोरडी घासते. दोन आठवडे झाकण्यासाठी आपण क्रँकचा बळी दिलात.

“बेअरिंग गेल्यात, किंमत कमी करतो,” एवढं म्हणाला असतात, तरी मी गाडी घेतली असती. पद्मिनी घेणारा माणूस हिशोबी नसतोच.

आपल्या पुढच्या गिऱ्हाइकांसाठी एक फुकट तपासणी इथे जाहीर करतो. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका आणि ऑईल-स्विचची वायर उपसा. दिवा विझला पाहिजे. तीच वायर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा लागला पाहिजे. तसं झालं नाही, तर गाडीवाल्याला नमस्कार करून घरी जा.

आपला,
क्रँक ग्राइंडिंगचं बिल हातात घेतलेला एक गिऱ्हाईक

ता. क. : बिलाची एक प्रत सोबत जोडली आहे. आपण ती नक्की भलत्याच कुणाला तरी जोडून द्याल, याची खात्री आहे.