शेवटचे तीन इंच

निवृत्तीनंतर हार्मोनियम शिकायला घेणारे काका वेगळे, नर्मदा परिक्रमेचे फोटो दाखवणारे काका वेगळे आणि थिकनेसर घेतलेले काका वेगळे. पहिल्या दोघांना टाळता येतं. तिसऱ्यांचा आवाज तीन इमारतींपलीकडे जातो, त्यामुळे पळून उपयोग नसतो. कोथरूड, सहकारनगर, चिंचवड अशा भागांत सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तीसेक किलोंची एखादी पेटी झाकलेली दिसली, की समजावं, इथे एक नमुना राहतो.

हा नमुना बहुधा भोसरी-पिंपरीकडच्या एखाद्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला असतो. उभं आयुष्य लोखंडाशी आणि मायक्रॉनशी गेलेलं. त्यामुळे सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर. सुतारकामाची हौस लहानपणापासूनची, असं ते सांगतात. पुराव्यादाखल माळ्यावर आजोबांचा रंधा असतो. तो ते दसऱ्याला खाली काढतात, त्याची पूजा करतात आणि परत माळ्यावर ठेवतात. हाताने रंधा मारणं हे त्यांच्या मते मनगटाचं काम आहे आणि मनगटाला टॉलरन्स नसतो.

म्हणून हे थिकनेसर नावाचं यंत्र. टेबलावर ठेवायचं, बारा इंच रुंदीची फळी घेणारं. खडबडीत फळी इकडून आत सरकवायची, तिकडून ठरल्या जाडीची गुळगुळीत फळी बाहेर यायची. पात्यांचा रूळ मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेतो, पाती दोन, म्हणजे १७,००० काप. तेवढ्या वेळात फळी साडेआठ मीटर सरकते, म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरला एक काप. हा हिशोब काकांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सांगितलेला आहे. विषय यंत्राच्या आवाजाचा होता. आवाजाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्याऐवजी विल्यम वुडवर्थ नावाच्या अमेरिकन माणसाने १८२८ साली रोलरवर फळी सरकवणाऱ्या रंधायंत्राचं पेटंट घेतलं, ते वाढवत वाढवत १८५६ पर्यंत चालवलं आणि त्यापायी कोर्टात किती भांडणं झाली, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. शेवटी अध्यक्षांनीच कंटाळून ठराव केला, की दुपारी एक ते चार यंत्र बंद. पुण्यात या ठरावाला विरोध होणं शक्यच नव्हतं. खुद्द काकाही त्या वेळात झोपलेले असतात.

तर अशी ही फळी बाहेर येते. काका तिच्यावरून तळहात फिरवतात. चेहरा उजळतो. हात पुढे जात जात टोकाशी येतो आणि थांबतो. शेवटच्या दोन-तीन इंचांत लाकूड किंचित जास्त खाल्लं गेलेलं असतं. फळी उलट फिरवून पाहतात, तर दुसऱ्या टोकालाही तेच. खड्डा कागदाच्या जाडीचा. डोळ्यांना धड दिसतही नाही. पण पॉलिश चढलं की उजेड बरोबर तिथे अडखळतो आणि मग सबंध फळीत दुसरं काही दिसेनासं होतं. या खड्ड्याला स्नाइप म्हणतात. गेली काही वर्षं काकांच्या आयुष्यात रक्तदाबाची गोळी आणि स्नाइप या दोनच गोष्टी रोजच्या आहेत.

सोसायटीत कुणाकडे कपाटाचं काम करायला आलेल्या मिस्त्रींनी एकदा फळी हातात घेऊन पाहिली.

"साहेब, टोकाला दबलंय."

"दबलं नाही, उचललं गेलंय!" काका याच वाक्याची वाट पाहत असतात. "हे बघा मिस्त्री, पालखीला पुढे भोई, मागे भोई. दोघं असले की पालखी समतोल. एकाने खांदा काढला तर?"

"पडेल."

"दुसरं टोक वर जाईल! इथं दोन रोलर आहेत, पात्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. फळी आत शिरताना फक्त अलीकडच्याने धरलेली असते. बाहेरचं टोक स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं, म्हणून आतलं टोक वर उठतं आणि पात्याच्या तोंडात जातं. पलीकडच्या रोलरने पकडलं की सगळं सरळ. शेवटी पुन्हा तीच गत. अलीकडचा रोलर सुटतो, पुढचं टोक लोंबतं, मागचं वर उठतं. खड्डा दोन-तीन इंचांचाच का? तर रोलर आणि पात्यामधलं अंतर तेवढंच आहे!"

मिस्त्रींनी मान डोलावली. म्हणाले, "मग टोक कापून टाका ना, साहेब."

त्यानंतर बराच काळ मिस्त्रींशी बोलणं बंद होतं.

खरं सांगायचं तर निदान काकांचं बिनचूक असतं. उपायही त्यांना सगळे पाठ असतात आणि ते सगळे खरेच लागू पडतात. पहिला उपाय फळीला दोन्ही बाजूंनी आधार देण्याचा. यंत्राला पुढे-मागे जोडलेली टेबलं मधल्या पत्र्याच्या पातळीत हवीत, किंबहुना त्यांची बाहेरची टोकं केसभर वरच हवीत, म्हणजे फळी लोंबणार नाही. हे साधायला काकांनी चार फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणली. ती आरपार आडवी टाकून खालून दिव्याचा उजेड दिसतो का ते बघायचं आणि बाहेरच्या टोकाखाली पातळ पाचर सरकवायची. ही पाचर म्हणून ते लग्नपत्रिका वापरतात. घरात आलेली प्रत्येक पत्रिका आधी व्हर्नियरमध्ये जाते, मग काकूंच्या हातात. "सव्वा मिलिमीटर. खानदानी लोक दिसतात," असा शेरा त्यांनी मारला, की त्या लग्नाला ते नक्की जातात. हल्ली आमंत्रणं फोनवर येतात, ही संस्कृतीची हानी आहे असं ते कळवळून सांगतात. ऐकणाऱ्यांना वाटतं, काका परंपरावादी झाले.

दुसरा उपाय हाताचा. फळी आत जाताना तिचं बाहेरचं टोक किंचित उचलून धरायचं. बाहेर पडताना पलीकडे जाऊन पुढचं टोक तसंच किंचित उचलायचं. फळी पाच फुटांची असली तर एकाच माणसाला हे जमत नाही. म्हणून पार्किंगमधून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक येते, "जरा एक मिनिट येता का?" ज्यांना अनुभव आहे ते मोबाइल कानाला लावून गाडी काढतात. नवा भाडेकरू मात्र हमखास सापडतो. मग कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काका ओरडतात, "उचला! उचला! एवढं नको! धरा फक्त! ओढू नका, ओढू नका, रोलर ओढतोय!" बिचारा ऑफिसच्या कपड्यांत, भुश्याने माखलेला, नेमकं काय उचलायचं आणि काय नाही हे न कळून फळीसोबत चालत राहतो. या सोसायटीत भाडेकरू टिकत नाहीत, याचं खापर पाणीटंचाईवर फोडलं जातं.

तिसरा उपाय नातवाच्या जिवावर. शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेली गरम डिंकाची बंदूक काकांनी जप्त केली. फळीच्या दोन्ही कडांना, तिच्याहून पाच-पाच इंच लांब अशा पट्ट्या चिकटवायच्या. पट्ट्यांची जाडी फळीएवढी हवी. रोलर आधी पट्टी पकडतो आणि शेवटी पट्टी सोडतो. खड्डा पडायचा तो पट्टीला पडतो, फळी कोरी करकरीत. काम झाल्यावर पट्ट्या टकटक करून काढायच्या. हा उपाय माझ्या मते सगळ्यांत हुशारीचा आहे. नातवाचं मत विचारलेलं नाही.

आणि चौथा. फळ्या एकामागे एक, टोकाला टोक भिडवून, मध्ये फट न ठेवता सोडायच्या. रोलरच्या लेखी ती मग एकच लांबलचक फळी होते. खड्डा पडलाच तर पहिलीच्या तोंडाला आणि शेवटचीच्या शेपटाला. म्हणून पहिला आणि शेवटचा तुकडा आंब्याच्या लाकडाचा, बळीचा बकरा म्हणून. अट एकच, सगळ्यांची जाडी सुरुवातीला सारखी हवी.

इतकं करूनही काकांचं समाधान होत नाही, कारण खड्डा गेला की त्यांना उतार दिसायला लागतो. फळीची डावी कड उजवीपेक्षा दोन दशांश मिलिमीटर जाड. ते एकाच लांब पट्टीचे दोन तुकडे करतात, एक टेबलाच्या डाव्या कडेने सोडतात, एक उजव्या, मग दोन्ही मोजतात. फरक आला म्हणजे एकतर पाती वाकडी बसलीत किंवा रूळ टेबलाला समांतर नाही. ते दुरुस्त होतं तोवर पिळलेल्या फळीचा प्रश्न उभा राहतो. पिळलेली फळी रोलर दाबून सपाट करतात, पाती तिला तशीच तासतात आणि पलीकडे बाहेर पडताच ती पुन्हा पिळते. फक्त आता गुळगुळीत पिळते. तिला खालून पाचरी देऊन सपाट पाटावर बसवायची आणि आधी एक अंग सरळ करून घ्यायचं, तेव्हा ती वठणीवर येते. पाचरी अर्थातच पत्रिकांच्या.

लाकूडही साधं नसतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सरळ रेषांचा सागवान मिळतो, पण काकांचा जीव जुन्या लाकडात. कुठे वाडा पडला, की हे तिथे हजर. शंभर वर्षं मुरलेला सागवान, आता वळणार नाही की फुगणार नाही, असं म्हणत ते तुळई रिक्षात घालून आणतात आणि चिरून घेतात. तिच्या पोटात पेशवाईनंतर ठोकलेले खिळे असतात. एक खिळा पात्याला भेटला, की पात्याला खांडा पडतो आणि तिथून पुढे प्रत्येक फळीवर आरपार एक उंचवट्याची रेघ उमटते. उपाय म्हणून दोनपैकी एक पातं केसभर बाजूला सरकवायचं, म्हणजे एकाचा खांडा दुसरं झाकतं. काकांनी त्याऐवजी लोहचुंबक घेऊन सगळी तुळई तपासली. नऊ खिळे काढले. दहावा पात्याने शोधला.

पावसाळ्यात तर विचारू नका. मे महिन्यात १८ मिलिमीटर केलेली फळी जुलैत मोजायची आणि अठराच्या वर भरली की हवामानाला शिव्या द्यायच्या. ज्या माणसाने लोखंडाची नोकरी केली, त्याला लाकूड ओल पितं हे पटवणं कठीण. एकाच अंगाने तासली तर फळी पन्हळीसारखी वाकते, दोन्ही अंगं सारखी घ्यावी लागतात, हे त्यांना माहीत आहे. माहीत असणं आणि पटणं यांत त्यांच्या बाबतीत दोन दशांश मिलिमीटरचं अंतर आहे.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याकडे येतो. दोन्ही टोकांना चार-चार इंच जास्तीची लांबी ठेवायची, रंधून झालं की ती छाटून टाकायची. जगभरचे सुतार हेच करतात. काका करत नाहीत. का, ते त्यांनी मला वहीत करून दाखवलंय. फळी सहा इंच रुंद, एक इंच जाड. दोन्हीकडचे मिळून आठ इंच, म्हणजे ४८ घनइंच. घनफूट म्हणजे १७२८ घनइंच. म्हणजे प्रत्येक फळीमागे घनफुटाचा छत्तिसावा भाग कचऱ्यात. "घनफुटाला चार हजार धरा. एकशे अकरा रुपये अकरा पैसे! एका फळीला!" वीज, पाती, ॲल्युमिनियमची पट्टी, लग्नाचे अहेर, ऑफिसच्या कपड्यांची धुलाई यांचा हिशोब वहीत नाही. तो मांडण्याची माझी छाती झाली नाही.

टोकं छाटायला नकोत म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. ज्या वस्तूला टोकंच नाहीत, ती करायची. त्या वर्षी सगळ्या नातेवाइकांना पोळपाट मिळाले. गोल कापताना टोकं गळून जातात आणि वाया गेलेल्या लाकडाला पोळपाटाचे कोपरे म्हणतात, नासाडी म्हणत नाहीत. काकूंकडे पाच आहेत. त्या म्हणतात, "यांना चौरस काहीतरी करायला सांगा कुणीतरी."

एवढं ऐकूनही तुम्हाला अशा काकांकडून शेल्फची फळी रंधून घ्यायची असेल, तर जरूर घ्या. काम उत्तम होतं, पैसे घेत नाहीत, वर चहा मिळतो. फक्त त्यांना खरं माप सांगू नका. तीन फुटांची फळी हवी असेल तर तीन फूट आठ इंच सांगा, कशाला हवी विचारलं तर भिंत मोठी आहे म्हणा, आणि घरी आल्यावर दार लावून दोन्हीकडचे चार-चार इंच गुपचूप कापून टाका.