थकबाकी, वर ये!

मांजराच्या नावाची खरी परीक्षा संध्याकाळी सात वाजता गॅलरीत होते. कागदावर नाव कितीही देखणं दिसो, खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर झोपलेल्या जनावराला त्या नावानं चार मजल्यांवरून ओरडून हाक मारता आली पाहिजे, आणि ओरडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तोंड दाखवता आलं पाहिजे.

‘मनी’ त्यामुळे पहिल्या फेरीतच बाद झालं. आमच्या सोसायटीत ‘मनी’ म्हटलं की तीन मांजरी वळून बघतात आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांचं माहेरचं लाडकं नाव तेच आहे, खिडकीत येऊन ‘काय हो?’ म्हणून विचारतात. सिंबा, लिओ, ब्राउनी यांची तर हल्ली रांग लागते. आम्हाला जगावेगळं नाव हवं होतं.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कन्येनं ‘श्रोडिंगर’ सुचवलं. 1935 साली या गृहस्थांनी कल्पनेतलं एक मांजर विषाच्या कुपीसकट पेटीत बंद केलं, आणि पेटी उघडेपर्यंत ते जिवंतही आणि मेलेलंही, असा पेच टाकला. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. त्या मेल्यानं वाहिलं का?” विषय संपला.

कन्येकडे दुसराही उमेदवार होता. 1975 साली अमेरिकेत मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन यांनी एक शोधनिबंध एकट्यानं लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ असं टाइप करून बसले. नियतकालिकाला एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ चालत नाही, असं कुणीतरी लक्षात आणून दिलं. टाइपरायटरचे दिवस, सगळं पुन्हा कोण बडवणार? त्यांनी आपल्या चेस्टर नावाच्या सयामी बोक्याला सहलेखक केलं. नाव छापलं एफ. डी. सी. विलर्ड. फेलिस डोमेस्टिकस ही जात, चेस्टर हे नाव, आणि विलर्ड हे बोक्याच्या तीर्थरूपांचं. पद्धत मला आवडली, पण आमच्याकडे बापाचं नाव लावायचं तर पंचाईत होती. संशयित बोके निदान दोन.

मी साहित्याकडे वळलो. मार्क ट्वेनच्या घरी सैतान, पाप, झोरोआस्टर अशा नावांची मांजरं होती. पोरांना अवघड शब्दांचा सराव व्हावा म्हणून तो अशी नावं ठेवायचा म्हणे. ‘पाप, दूध प्यायला ये’ हे आईच्या देवघरासमोरून ओरडण्याची माझी छाती नव्हती. जपानच्या नात्सुमे सोसेकीनं 1905 साली सुरू केलेली अख्खी कादंबरी एका बिननावाच्या मांजराच्या तोंडून सांगितली आहे, हे मी सांगितल्यावर बायको म्हणाली, “बघ, त्याचं कुठं काही अडलं?”

शेवटी नाव मांजरीनंच आणलं. मी सोसायटीचा खजिनदार. ऑफिसच्या कपाटात पिल्लं झाली, त्यातलं एक मेंटेनन्सच्या बॉक्स फाइलवर अंग दुमडून झोपलेलं असायचं. कपाटातली सगळ्यात जाडजूड फाइल तीच. पाठीवर लाल मार्करनं लिहिलेलं ‘थकबाकी’, त्याच्यावर शेपटी. पांढरा, काळा, नारिंगी असे तिन्ही रंग, म्हणजे मांजरीच; नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तिरंगी बोका क्वचितच जन्माला येतो. बायको म्हणाली, “ही थकबाकी तरी वसूल करून घरी आण.”

पहिल्याच संध्याकाळी गॅलरीत उभा राहून मी दमदार हाक दिली, “थकबाकीऽऽ! थकबाकी, वर ये!” समोरच्या विंगमधले दोन दिवे मालवले. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली. सकाळी दारात तिथले गृहस्थ चेक घेऊन उभे. “चारचौघांत ओरडायची काय गरज होती हो?” मी काही न बोलता पावती फाडली. अध्यक्षांना हे कळल्यावर त्यांनी रोज सात वाजता हाक मारण्याची तोंडी परवानगी दिली.

आईला मात्र नाव अजून सलतं. लस टोचायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या पोरानं भरल्या हॉलमध्ये पुकारा केला, “थकबाकी” आणि पुढे आमचं आडनाव. “सात पिढ्यांत कुणाचा पैसा बुडवला नाही रे आपण!” ती रिक्षात घरी येईपर्यंत म्हणत होती. तिनं मग आपल्यापुरतं ‘बाकीबाई’ केलंय. शेजारच्या गोवेकर काकांना ते ऐकून कवी बोरकरांची, त्यांच्या बाकीबाबांची, आठवण झाली. तेव्हापासून ते तिला सुरमईचं डोकं मानानं देतात.

मांजरांना आपलं नाव कळतं, हे जपानमधल्या अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली प्रयोगानं दाखवलं आहे. नाव ऐकून बहुतेक मांजरं कान वळवतात, मान वळवतात. उठून येणारी थोडी. आमचीही कान वळवते आणि पुन्हा झोपते. थकबाकी हाकेसरशी येत नसते, हे कुठल्या खजिनदाराला नव्यानं सांगायला नको.

तिची तीन भावंडं सध्या सेक्रेटरींच्या गॅलरीत आहेत. व्याज, दंड आणि पावती. तिघंही वाळूत जायला शिकलीत, दूधभात खातात. कुणाला हवी असल्यास ऑफिसात येऊन घेऊन जावीत. येताना मेंटेनन्स भरलेला असावा.