कोजागिरीलाच दिवाळं

मराठी माणूस सुरतेत राहायला आला की त्याला दोन सनावळ्या पाठ असाव्या लागतात : १६६४ आणि १६७०. त्या आपण काढायच्या नसतात, समोरचाच काढतो. "साहेब, त्रीजी वार लूंटवा आव्या?" असं हसत विचारतो आणि चहा पाजतो. मला हे विचारणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला खरोखर दाद द्यायला हवी. माझा जन्म भुसावळचा. तापी जिकडे जाते तिकडेच पॅसेंजरही जाते, म्हणून मी सुरतेला लागलो आणि बारावी कॉमर्सच्या पोरांच्या अर्थशास्त्राच्या शिकवण्या घेऊ लागलो. भाजीवालीनं कढीलिंब फुकट दिला तरी मी दोनदा धन्यवाद म्हणतो. लूट कसली करतो!

पण मागणीचा वक्र मी डोळे मिटून काढतो, आणि लहानपणी व्यापारच्या पटावर अख्ख्या चाळीला कंगाल केलेलं आहे. एवढ्या भांडवलावर यंदा कोजागिरीला शेजारच्या शेठना सहकुटुंब बोलावलं. आटीव दूध प्यायचं आणि जागायला व्यापार खेळायचा. शेठचं रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान. सोबत त्यांच्या आई, म्हणजे बा, आणि पाचवीतली मुलगी. साड्यांच्या व्यापाऱ्याला व्यापार खेळायला बोलावताना मला काही वाटलं नाही. ज्ञान माणसाला धीट करतं.

पट माळ्यावरचा, घड्यांवर फाटलेला, मुंबई सगळ्यांत महाग. बांनी चष्मा लावून चारही बाजू तपासल्या आणि विचारलं, "सुरत क्यां छे?"

सुरत नव्हती. गोवा होतं, दार्जिलिंग होतं, ऊटी होती. इंग्रजांनी १६१३ मध्ये जिथे वखार थाटली, जिथल्या वीरजी वोरांकडून कंपनीनंच कर्ज उचललं, ते गाव व्यापाराच्या पटावर नाही! ही माहिती मीच उत्साहानं पुरवली, त्यामुळे वातावरण आणखी तापलं. अखेर मुलीनं बॉलपेननं ऊटी खोडून तिथे सुरत लिहिलं. किंमत ऊटीचीच राहू दिली, भाड्यापुढे मात्र एक शून्य वाढवलं. तेव्हाच मी दूध वाटून खेळ आटोपायला हवा होता.

मी शास्त्रानुसार खेळलो. पडेन ते घर घ्यायचं, मक्तेदारी जमवायची, हॉटेलं बांधायची. दिल्लीवर हॉटेल चढवलं तेव्हा शेठ हळूच म्हणाले, बांधलं म्हणजे गिऱ्हाईक आलं असं नाही, खजोदला जाऊन बघा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या डायमंड बोर्सचं थाटात उद्घाटन झालं, आणि हिऱ्यांचा बाजार महिधरपुऱ्याच्या गल्ल्यांतून उठायला काही तयार होईना. पण माझ्या दिल्लीवर गिऱ्हाईक आलं. शेठची मुलगीच आली.

दोन हजार भाडं मागितलं. ती शांतपणे म्हणाली, "लखी लो."

मी नियमांचा कागद दाखवला. त्यात उधारी कुठेच नव्हती. शेठना खरंच वाईट वाटलं. "रोकडामां तो शाक लेवाय, साहेब." मार्केटात माल आज जातो, पैसे महिन्यांनी येतात, आणि मधला सगळा काळ म्हणजेच धंदा. मला ते पटलं, कारण त्यांनी मला 'मोटी पार्टी' म्हटलं होतं. मग मी सगळ्यांनाच उधार दिलं. माझ्यापुढे चिठ्ठ्यांचा ढीग जमला आणि नोटा संपल्या. वहीप्रमाणे मी त्या खोलीतला सर्वांत श्रीमंत माणूस होतो.

आणि फाशांनी मला मुलीच्या सुरतेत नेऊन टाकलं.

मी तोऱ्यात म्हणालो, लिहून घे. ती म्हणाली, तुमच्याकडे एक नोट नाही, तुम्हाला उधार कोण देणार? चिठ्ठ्या घेईन, वटाव कापून. अशा रीतीनं तिनं स्वतःचीच दोन हजारांची चिठ्ठी माझ्याकडून बाराशेला घेतली. सौदा बांनी जुळवला आणि दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर दलाली घेतली. बांकडे सोंगटी नव्हती, फासे त्यांनी हातात धरले नव्हते. पण महिधरपुऱ्यात स्कूटरच्या सीटवर बसून कागदाच्या पुड्यांतले परक्याचे हिरे विकणाऱ्यांकडे तरी स्वतःचा खडा कुठे असतो?

दिवाळखोरी दारात आली की अर्थशास्त्रज्ञाला तत्त्वं आठवतात. मी खेळ थांबवून व्याख्यान लावलं. हा खेळ मुळात अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंचा. १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. जमीनदार नुसत्या भाड्यावर कसे गब्बर होतात हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच केले : एकात मक्तेदार सगळ्यांना बुडवतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचं भलं होतं. आता आपण दुसऱ्या संचानं खेळू या, असं मी सुचवलं.

"तो जीते कोण?" मुलगी म्हणाली. ठराव पडला.

मग मी उरलेली हकीकत सांगितली. चार्ल्स डॅरोनं तशाच खेळाला मोनोपॉली म्हणून विकलं आणि तो मालामाल झाला. पार्कर ब्रदर्सनी १९३५ मध्ये मॅगीबाईंचं पेटंटही घेतलं, रोख ५०० डॉलरला, पुढे विक्रीवर एक छदामही नाही. खोलीत सन्नाटा. माझ्या कुठल्याही तासाला विद्यार्थी इतके हेलावलेले मी पाहिले नाहीत. शेठनी दुधाचा पेला खाली ठेवला. बा कळवळून म्हणाल्या, "बेननो कोई दलाल नहोतो?"

माझी पार्टी पुढच्याच फेरीत उठली. तडजोड सन्मानानं झाली : मी बँक सांभाळायची, दर फेरीला ठरावीक पगार घ्यायचा. नोटा मोजता मोजता लक्षात आलं की आमची ही केव्हाच खेळ सोडून बांच्या शेजारी जाऊन बसली आहे आणि दोघींचा गल्ला एक आहे.

दुसऱ्या दिवशी चंदी पडवा, सुरतेचा घारी खायचा सण. शेजारून घारीचा डबा आला, तुपानं थबथबलेला. वर मुलीच्या अक्षरात चिठ्ठी : घारी भेट, व्याज चालू. मी व्याजाच्या दरावरून चिडलो, तर ही म्हणाली, दर वाजवी आहे, बांनी मध्ये पडून एक टक्का कमी करवलाय. त्यातला अर्धा बांचा, अर्धा हिचा.