नावाची सनद

सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या कारखानदाराने सुताचा नंबर, रंगाचा पक्केपणा आणि दलालाची दानत पारखल्याखेरीज आजवर कधी खरेदी केली नाही, तोच गृहस्थ आपल्या टॉवेल-चादरींच्या दुकानाचे डोमेन नोंदविताना पहिल्या वर्षाचा नाममात्र दर पाहून, नूतनीकरणाचा आकडा न वाचताच, कबुलायतीवर अंगठा उठवितो, हे औदार्य स्तिमित करणारे आहे. डोमेन म्हणजे वतन नव्हे. एका वेळी फार तर दहा वर्षांचा तो पट्टा, आणि मुदत सरून सवलतीचे दिवसही उलटले की तेच नाव कोणाही तिऱ्हाइताच्या पदरात पडू शकते. त्यातून ही सनद बहुधा संकेतस्थळ बांधून देणाऱ्या होतकरू भाच्याच्या नावे निघते. भाचा पुण्यास नोकरीला गेला की मामांची पेढी त्याच्या पासवर्डची मिंधी होते. होस्टिंगच्या ‘अमर्याद’ जागेविषयी काय बोलावे? तिच्या मर्यादा अटींच्या बारीक अक्षरांत सविस्तर दिलेल्या असतात. देवनागरीत ‘.भारत’ घेण्याची सोय २०१४ पासून आहे; पण मामांना ‘.कॉम’च हवे, कारण गिऱ्हाईक म्हणे परदेशी. ते गिऱ्हाईक आपली मागणी व्हॉट्सॲपवर धाडते, आणि संकेतस्थळावर ‘काम चालू आहे’ ही पाटी यंदाही सशुल्क झळकते.