नसलेला वाडा पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

पुण्यात येऊन शनिवारवाडा पाहायचा असेल, तर आत वाडा असला पाहिजे हा हट्ट आधी सोडावा. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला आणि 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत आतलं जवळजवळ सगळं भस्मसात झालं. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. तरी तिकीट खिडकीपुढची रांग काही हटत नाही.

प्रवेश दिल्ली दरवाज्यातूनच करावा. फळ्यांवर वीतभर लांबीचे टोकदार खिळे आहेत; हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसवलेले. त्यांच्याखाली दरवाज्याला पाठ टेकवून फोटो काढण्याची प्रथा आहे. खिळे आपल्या डोक्याच्या वर, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, म्हणूनच ही प्रथा अजून टिकून आहे.

आत पाऊल टाकताच कुटुंबप्रमुखाने गंभीर चेहऱ्याने सांगावं, "या वाड्याला 16,110 रुपये खर्च आला होता." यावर "आता तेवढ्यात इथे दोन महिन्यांचं पार्किंग मिळेल का?" असं कुणीतरी म्हणणं बंधनकारक आहे. कुणी म्हटलं नाही, तर स्वतःच म्हणावं.

मग मुख्य अडचण सुरू होते. समोर हिरवळ, कारंज्यांची कोरडी कुंडं आणि कमरेपर्यंतची जोती.

"बाबा, राजा कुठे राहायचा?"

"राजा साताऱ्याला असायचा. इथे पेशवे राहायचे."

"इथे म्हणजे लॉनवर?"

अशा वेळी बाबांनी मान वर करून आकाशातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवावं. वाडा सात मजली होता आणि वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असं सांगतात. बोट जितकं स्थिर, तितका मजला खरा वाटतो. अंतःपुर, दिवाणखाना, कचेरी हे सगळं जोत्यांवर फिरत, हात पसरून दाखवावं. बाजीरावांवरच्या 2015 सालच्या चित्रपटातला आरसेमहाल मात्र शोधत बसू नये. तो सेटचा होता. हे सुरक्षारक्षकाला विचारून खात्री करून घेण्याची गरज नाही, त्याचा दिवस आधीच मोठा असतो.

भुताचा विषय निघणारच. 30 ऑगस्ट 1773 रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी इथेच खून केला. त्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते म्हणतात. वाडा संध्याकाळनंतर बंद असतो, त्यामुळे हाक ऐकलेला माणूस नेहमी आपल्या मेव्हण्याच्या ओळखीतला असतो. मात्र तो मुलगा खरोखर मारला गेला होता, एवढं भान ठेवून हसावं. त्याच्या हाकेची नक्कल करून रील बनवणाऱ्यांना खिळ्यांच्या जवळ उभं करावं, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता एक गोष्ट, जी बहुतेकजण वगळतात. दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे आणि वर जायला जिना आहे. दगडी पायऱ्या चढून गेलात की लाकडी सुरूदार खांब दिसतात: खाली घडीव बैठक, वर निमुळते होत गेलेले, आणि त्यांच्यामधून झुकलेल्या नाजूक महिरपी. लाकडावरून बोटं फिरवण्याचा मोह टाळावा, पण उभं राहून नीट पाहावं. खाली जोत्यांवर जे नाही, ते कसं असेल याचा खरा नमुना इथे आहे. लोक मात्र या खांबांना पाठ करून खालच्या बाजीरावांच्या पुतळ्याचा फोटो काढतात.

रिकाम्या आकाशाकडे पाहून मान अवघडली असेल, तर विश्रामबागवाड्याकडे वळावं. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला हा वाडा लाकडी खांबांसकट उभा आहे. तिथे बोट दाखवलं की त्या दिशेला खरंच काहीतरी असतं. पायी जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येणार नाही.