बहात्तरास एक

सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की जग बहात्तर पटींनी लहान होतं. प्लास्टिकच्या विमान-मॉडेलांचं सगळ्यांत लाडकं प्रमाण फूट-इंचांत विचार करणाऱ्या इंग्रजांच्या या सरळ हिशेबातून आलं. 1936 साली फ्रॉग नावाच्या ब्रिटिश छापानं या मापाची, घरी जोडायची प्लास्टिकची विमानं बाजारात आणली आणि तेव्हापासून जगभरची शहाणी माणसं रात्री जेवणं उरकल्यावर भिंगाखाली चाकं चिकटवत बसली आहेत. वामनाची गोष्ट इथे उलटी घडते. त्यानं लहान होऊन तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं. ही विमानं एके काळी आभाळ व्यापून होती आणि आता तीन बोटांची जागा मागत दाराशी उभी आहेत.

तीन बोटांची हे अर्थात लढाऊ विमानांपुरतं खरं. स्पिटफायर असलं तर ते पुस्तकांच्या कप्प्यातही सामावतं. मला मात्र बाँबफेकी विमान हवं होतं, तेही जुनं, पंख्यांचं, पोटात माणसं बसवलेलं. का हवं होतं, याचं धड उत्तर मला घरातही देता आलं नाही. निवृत्तीनंतर माणसं देवळांच्या विश्वस्त मंडळावर जातात, सकाळी टेकडी चढतात. मी टेप घेऊन शोकेस मोजत होतो. लँकेस्टर या ब्रिटिश बाँबफेकी विमानाच्या पंखांचा पसारा 102 फूट. बहात्तरास एक या मापात तो सतरा इंच भरतो. अठ्ठेचाळिसास एक घेतलं तर साडेपंचवीस, आणि बत्तिसास एक घेतलं तर तीन फुटांच्याही वर, म्हणजे विमान शोकेसमध्ये आणि आम्ही दोघं गॅलरीत. "अहो, आणि गौरींचे मुखवटे कुठे जाणार?" हा प्रश्न त्याच सुमारास आला. युद्धनीतीत ज्याला माघार म्हणतात ती घेऊन मी बहात्तरावर स्थिरावलो.

मग खोक्यांची पाळी. किट विकत घेणारा माणूस आधी चित्र विकत घेतो, हे या धंद्यातल्या लोकांना पहिल्यापासून माहीत आहे. रॉय क्रॉस नावाच्या चित्रकारानं 1964 पासून दहा वर्षं एअरफिक्ससाठी खोक्यांवरची चित्रं रंगवली. खोक्यात राखाडी प्लास्टिकचे तुकडे, आणि वर ज्वाळा, धूर, संध्याकाळचं जळतं आभाळ, एका इंजिनाला लागलेली आग. पुढे खेळण्यांवर हिंसा नको अशी हवा सुटली आणि कुणीतरी त्या चित्रांतले स्फोट आणि पडते बाँब पुसून टाकले. तशी चित्रं मी बराच वेळ पाहत बसलो आहे. चार इंजिनांचं विमान संथपणे कुठेतरी निघालं आहे, आतले लोक जणू लग्नाला चालले आहेत. बाँबफेकी विमानातून बाँब वगळले की काय उरतं? सुबक, दमलेलं, लांब पल्ल्याचं काहीतरी. मला हवं होतं ते बहुधा हेच, आणि त्यात थोडी लबाडी आहे हेही कळत होतं.

लँकेस्टर माझ्या हातून सुटलं ते या लबाडीमुळेच. ते देखणं आहे, त्याची किट मुबलक मिळतात आणि त्यात सात जणांना बसायला जागा आहे. कागद पाहताना माझं लक्ष त्या सात जणांकडे गेलं. प्लास्टिकच्या वैमानिकांना चेहरे नसतात; हात मांडीवर ठेवून ते शिस्तीत बसलेले असतात. खऱ्यांचं वय सरासरी बाविशीच्या आसपास. ब्रिटिशांच्या बाँबर कमांडची 55,573 माणसं दुसऱ्या महायुद्धात गेली. आणि विमानाखाली जी शहरं होती, हांबुर्ग, ड्रेस्डेन, त्यांचे भाग तर कुठल्याच खोक्यात येत नाहीत. शेपटीच्या टोकाला, बाकी सगळ्यांकडे पाठ करून, एकटाच बसणारा तो सातवा पोरगा गोंद लावून जागेवर बसवायचा आणि वर काचेचं झाकण घालायचं, हे मला जमलं नसतं. दुकानदारानं न बोलता खोका परत फळीवर ठेवला. त्याला माझ्यासारखी गिऱ्हाइकं सवयीची असावीत.

मग त्यानं कॅनबेरा काढलं. पुणेकरानं कॅनबेरा घ्यावं यात तर्क आहे. 1957 पासून 2007 पर्यंत ते आपल्या हवाई दलात होतं, लोहगावला त्याचं बस्तान होतं, आणि शाळेत गणिताच्या तासाला छपरावरून ते गेलं की गुरुजी फळ्याकडे तोंड करून खडू हातात धरून थांबायचे. आम्हाला त्या विमानाविषयी प्रेम वाटायचं त्याचं निम्मं श्रेय त्या थांबण्याला. जेट असल्यामुळे पंखे नाहीत एवढीच अडचण. तेवढी मी सोडूनही दिली असती. पण आमची आत्या वास्कोची. 18 डिसेंबर 1961 ला सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा गेली आणि त्यांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, तेव्हा ती तिथे, हाकेच्या अंतरावर, चहा पीत होती. ती आयुष्यभर सांगायची की गोवा मोकळा झाला त्याचा आनंद आहेच, पण त्या आवाजानं हातातून निसटली ती कपबशी सहाच्या सेटातली होती. इमारतींना धक्का लावायचा नाही असा वैमानिकांना हुकूम होता, हे मी तिला एकदा समजावून सांगितलं. "कपबशीचं कुणी सांगितलं नसेल," ती म्हणाली. तिच्या फोटोखाली कॅनबेरा ठेवणं बरं दिसलं नसतं.

उरलं लिबरेटर. दिसायला ते कुरूपच. फुगीर, सपाट कुशींचं, आगगाडीच्या मालडब्याला पंख फुटावेत तसं. अमेरिकी विमानदलातली थट्टा अशी की देखणं बी-17 ज्या खोक्यात भरून आलं, ते खोकं म्हणजे लिबरेटर. तरी अठरा हजारांवर बनली, इतकी दुसरं कुठलंच बाँबफेकी विमान बनलं नाही. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन जोरात तासाला एक बाहेर पडायचं. ती घाई त्याच्या चेहऱ्यावर राहून गेली आहे.

पण कानपूरची गोष्ट आठवली आणि माझा हात त्या खोक्यावरून निघेना. युद्ध संपल्यावर इथली लिबरेटरं इंग्रजांनी कानपूरला टाकून दिली. टाकताना ती पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची नीट मोडतोड केली. स्वातंत्र्यानंतर नव्या देशाला बाँबफेकी विमानं हवी होती आणि पैसा नव्हता. मग 1948 साली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे लोक त्या उकिरड्यात उतरले. याचा पंख, त्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं जुळवत त्यांनी एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं, आणि जमशेद मुन्शी नावाच्या चाचणी वैमानिकानं ती बंगळूरला उडवत नेली, पुढच्या दुरुस्तीसाठी. चाळिसेक विमानं अशी जगली आणि 1968 अखेरपर्यंत समुद्रावर पहारा देत राहिली. आज लंडनच्या, ओटावाच्या आणि ॲरिझोनातल्या टुसॉनच्या संग्रहालयांना लिबरेटर लाभलं ते याच कानपुरी संसारातून. जगातलं सगळ्यांत मोठं किट हेच म्हणायचं, एकास एक मापाचं. भाग हरवलेले, सूचनापत्रक नाही, आणि चुकलं तर गोंद ओला असेतो सुटं करायची सोय नाही. त्या लोकांपुढे मी चिमट्यानं ॲंटेना धरून बसणार, या विचारानं थोडी लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

पंख सव्वाअठरा इंचांहून जरासे जास्तच. गौरींचे मुखवटे एक कप्पा वर गेले. तहाच्या अटी मी इथे देत नाही. खोक्यात चिन्हं अमेरिकी निघाली, आपली तिरंगी वर्तुळं वेगळी मागवावी लागणार आहेत. आणि दुकानदारानं निघताना बजावलं होतं, "नाकात वजन भरा हं, नाहीतर शेपटीवर बसेल." पुढचं चाक नाकाखाली असल्यामुळे प्लास्टिकचं लिबरेटर मागे जड होतं, नाक वर करून बसतं. लोक शिशाच्या गोळ्या भरतात. माझ्याकडे शिसं कुठलं? मी खिळे, नटबोल्ट चाचपून पाहत होतो, तेवढ्यात इतके दिवस लांबूनच पाहणारी आमची ही जवळ येऊन उभी राहिली.

"एकदा चिकटवलं की आतलं पुन्हा दिसत नाही ना?"

"नाही."

ती आत गेली आणि वाड्याच्या दिंडीदरवाज्याची किल्ली घेऊन आली. वाडा पाडून तिथे सात मजले झाले, कुलूपही भंगारात गेलं, पण किल्ली आम्हा दोघांनाही टाकवली नव्हती आणि ती नेमकी कुठे ठेवावी हेही कधी सुचलं नव्हतं. नाकाच्या पोकळीत ती तिरकी ठेवल्यावर बरोबर बसली. सगळं रबरबँडनं बांधून टेबलावर ठेवलं तर शेपूट अजून किंचित टेकतच होती. तेव्हा तिनं ट्रंकेतून दुसरी एक किल्ली शोधून आणली. ती कशाची, हे आम्ही दोघंही अजून आठवतो आहोत.